काठ कुठला, हे आधी ठरवा: तलावाच्या किनाऱ्याचा आराखडा लोकांनी मिळून कसा करायचा

आमच्या तलावाच्या उत्तर बाजूला नवी भिंत झाली, त्याच्या पुढच्याच जूनमध्ये एक कासव तिला धडका देत होतं. सकाळी चालायला आलेली मंडळी कठड्यावरून वाकून बघत होती, फोटो काढत होती. कासवाला वर मातीत यायचं होतं आणि समोर होतं छातीएवढं उंच, गुळगुळीत काँक्रीट. पलीकडच्या चाळीतल्या एका मावशींनी दोरीला टोपली बांधून खाली सोडली, पण कासव कसलं टोपलीत बसतंय! शेवटी मावशीच म्हणाल्या, "पूर्वी इथे उतार होता ना, तिथून यायची ती. तुम्हाला कुणी विचारलं नाही काय?"

विचारलं होतं. भिंतीचा आराखडा दाखवायला बैठक झाली होती, नऊ जण हजर होते आणि त्यातला एक मी. नऊच्या नऊ जण सकाळी फेऱ्या मारणारे. आम्हाला सपाट ट्रॅक आणि बाकं हवी होती, ती मिळाली. मावशींना मात्र कुणी बोलावलंच नव्हतं.

ठाण्यात एकेकाळी साठाहून जास्त तलाव होते असं सांगतात, आज पस्तिसाच्या आसपास उरलेत. गेलेले तलाव कुणी एका रात्रीत बुजवले नाहीत. आधी काठावर राडारोडा पडला, मग त्यावर पत्र्याची शेड आली, मग रस्ता रुंद झाला. तलाव मरतो तो काठाकडून. आणि सुशोभीकरणाचा नकाशा तयार झाल्यावर बोलावलेल्या बैठकीत लोकांना रंग आणि बाकं निवडण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून पुढे लिहिलेलं सगळं नकाशाच्या आधी करायचं आहे. आमच्या तलावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण ही गोष्ट एका तलावाची नाही.

आधी कागद

कामाची सुरुवात झाडू घेऊन करू नका. पहिले दोन आठवडे कागदांना द्या. जमीन कुणाच्या नावावर आहे? सातबारा किंवा मालमत्ता पत्रक भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतं. गाव नकाशा आणि जुनी मोजणी मिळवा. तलाव महापालिकेचा, सरकारी, देवस्थानाचा किंवा खासगीसुद्धा असू शकतो आणि प्रत्येकाचं दार वेगळं. त्यानंतर शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशात तलाव आणि त्याच्या भोवतीची जागा कुठल्या रंगात आहे ते बघा. तलाव निळा दिसतो म्हणून खूश होऊ नका, काठावरून आखलेला रस्ता शोधा.

जे मिळणार नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि उत्तरासाठी तीस दिवस. "तलावाची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. गेल्या पाच वर्षांतले कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रकाच्या प्रती, गाळ काढण्याचं मोजमाप पुस्तक, पाण्याच्या तपासणीचे अहवाल असं नेमकं मागा. याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. फारच थोडी माणसं तो वापरतात.

कायद्याचं बळ किती आहे तेही आत्ताच तपासा, नाहीतर पुढे तोंडघशी पडाल. २०१७ च्या पाणथळ नियमांत अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं यांना मनाई आहे आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्क्या बांधकामालाही. वाचायला फार छान वाटतं. पण पिण्याचं पाणी, सिंचन, मनोरंजन, मीठ किंवा मत्स्यशेती यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे या व्याख्येतून वगळलेत. सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे साधारण साडेपाच एकरांहून, मोठ्या पाणथळींना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशाचं वेगळं संरक्षण आहे. त्या यादीत दोन लाखांवर जागा आहेत, पण ठाण्यातले कितीतरी तलाव त्याहून लहान. लहान तलावाचं खरं संरक्षण विकास आराखड्यात आणि महापालिकेच्या फायलीत असतं. सभेत "पन्नास मीटर" म्हणून गर्जना करण्याआधी आपला तलाव कुठल्या खणात बसतो हे वकिलाकडून समजून घ्या.

मग काठ चालायचा, वर्षातून दोनदा

काठ ही रेघ आहे असं आपण धरून चालतो. नकाशात ती रेघच असते. प्रत्यक्षात मे आणि ऑगस्ट यांच्यामध्ये पाणी जेवढं पुढेमागे सरकतं तो सगळा पट्टा म्हणजे काठ. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत, त्यामुळे सपाट बाजूला हा पट्टा दहा-पंधरा पावलांचाही होऊ शकतो. कंत्राटदार उन्हाळ्यात येतो, पाणी खाली गेलेलं असतं, उघडी पडलेली जमीन त्याला मोकळी जागा वाटते. भिंत तिथेच उभी राहते आणि तलाव कायमचा आखडतो.

म्हणून एकदा मेच्या शेवटी आणि एकदा ऑगस्टच्या मोठ्या पावसानंतर पूर्ण काठ चाला. सोबत मोजपट्टी, खडू, फोनवरचा नकाशा आणि काठावर जन्म काढलेली दोन माणसं घ्या. या माणसांखेरीज चाललात तर नुसता व्यायाम होईल. आमच्याकडे एका आजोबांनी पिंपळाच्या पाराच्या तिसऱ्या दगडावर बोट ठेवून सांगितलं की २००५ च्या २६ जुलैला पाणी इथवर होतं. तो दगड आम्ही तेलरंगाने खूण करून ठेवला. अभियंत्याच्या नकाशातली पूररेषा त्याच्या बरीच खाली होती. नंतर पत्रव्यवहारात तो दगड आम्हाला दहा अर्जांपेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण साहेबांना जागेवर आणून दाखवता येत होता.

पायरीवर किंवा जुन्या खांबावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा रंग मारून एक पट्टी करा. रोज सकाळी जो तिथून जातो, त्याने आकडा वहीत लिहायचा. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, पायाला जखम असेल तर चिखलातही नाही. लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, आपल्याकडे दरवर्षी असतो.

कुणाला बोलवायचं, आणि कधी

लोकसहभागाचा खरा कस इथे लागतो. तलाव वापरणाऱ्यांची यादी घरी बसून करू नका. एक आख्खा दिवस, पहाटे पाच ते रात्री अकरा, पाळीपाळीने काठावर बसून कोण येतं ते लिहा. पहाटे गळ टाकणारे, सहाला चालणारे, दहाला कपडे धुणाऱ्या बायका, दुपारी सावलीला झोपलेले रिक्षावाले, चारला शाळेतली पोरं, संध्याकाळी भेळवाले आणि जोडपी, रात्री साफसफाईवाले. गावठाण असेल तर कोळी-आगरी घरं, येऊरच्या पायथ्याशी तलाव असेल तर वरचे आदिवासी पाडे, कारण डोंगरावरून येणारं पाणी त्यांच्या दारातून येतं. गणेशोत्सव मंडळं आणि छठपूजा करणारी कुटुंबं वर्षातून थोडे दिवस येतात, पण त्यांना वगळलं तर ऐन सणात भांडण ठरलेलं. ठाण्यातल्या मासुंदा तलावाचंच बघा ना. एरवी त्याच्या काठी, तलावपाळीला, नाटकाला आलेले आणि हवा खायला आलेले लोक, पण दिवाळी पहाटेला तिथे गर्दीचा लोंढा असतो. एका दिवसाच्या पाहणीत ही गर्दी दिसलीच नसती.

एक मोठी सभा घेण्यापेक्षा चार छोट्या घ्या. सोसायटीच्या क्लबहाउसात गळवाला येत नाही आणि आला तरी मागच्या खुर्चीत गप्प बसतो. त्याची सभा सकाळी सातला पाण्याजवळ. बायकांची दुपारी, नळाला पाणी येऊन गेल्यावर, मंदिराच्या पारावर. फेरीवाल्यांची सोमवारी, कारण शनिवार-रविवार त्यांचा धंद्याचा. निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं होऊ नका, दारात जा. नगरसेवकांना बोलवा, पण त्यांना शेवटी बोलू द्या. आधी बोलले की बाकीचे फक्त माना डोलावतात.

रांगोळीचा नकाशा

छापील नकाशा जमिनीवर पसरला की ज्यांना नकाशा वाचता येतो तेच बोलतात. आमची पहिली सभा त्यातच गेली. दुसऱ्या वेळी एका काकूंनी फरशीवर रांगोळीने तलाव काढला. देऊळ, घाट, पिंपळ, नाल्याचं तोंड, सार्वजनिक शौचालय. प्रमाण पार चुकलेलं, घाट तलावाच्या निम्मा. पण मग सगळे खाली बसले. कपडे धुणाऱ्यांनी खडे ठेवले, मासे कुठे लागतात तिथे गळवाल्याने काडेपेटीच्या काड्या मांडल्या, पोरांनी पोहण्याच्या जागी चिंचोके. सफाई कामगाराने बाटल्यांची झाकणं ठेवायला घेतली आणि एका कोपऱ्यात त्यांचा ढीगच झाला. पावसाळी वाऱ्याने सगळा कचरा त्याच कोपऱ्यात जमतो आणि दोन दिवसांत कुजतो, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. कचरा अडवणारी जाळी मूळ प्रस्तावात समोरच्या काठावर होती.

नकाशा पुसण्याआधी वरून फोटो घ्या. मग प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा: कुठली जागा आहे तशीच राहायला हवी आणि कुठे भीती वाटते? "काय हवंय?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी, कारण त्याचं उत्तर नेहमी बाकं, दिवे आणि कारंजं असंच येतं. टिपण मराठीत लिहा, तिथेच मोठ्याने वाचून दाखवा, सह्या आणि अंगठे घ्या. पुढे "लोकांचं असं म्हणणं नव्हतंच" असं कुणी म्हटलं तर हा कागद हाताशी असतो.

पाणी येतं कुठून

काठ मजबूत केला आणि आत गटाराचं पाणी येत राहिलं, तर आपण गटाराला कठडा बांधला. मार्चमधल्या कोरड्या दुपारी पर्जन्यवाहिनीच्या तोंडाशी उभे राहा. चार-पाच महिने पावसाचा थेंब नाही आणि पाइपातून पाणी वाहतंय, तर ते पावसाचं नव्हे. सकाळी सात ते नऊ धार वाढते का, साबणाचा वास येतो का, रात्री कमी होते का, हे आठवडाभर लिहा. मग उलट दिशेने, चेंबर-चेंबर करत मलनिस्सारण विभागाच्या माणसांबरोबर शोध घ्या. झाकणं स्वतः उघडू नका, आतल्या वायूने माणसं मेली आहेत. आणि सापडण्याआधी कुणाच्या नावाने शिमगा करू नका. आमच्याकडे पहिला चुकीचा जोड निघाला तो आमच्याच सोसायटीचा. त्या आठवड्यात मी सभेला मागे बसलो होतो.

पाण्याची तपासणी विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून करून घेता येते. विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतो, तुम्हाला आकडे. विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो खातं, त्यामुळे मासे मरतात ते बहुधा पहाटे. दुपारी बाराला घेतलेला नमुना तलावाला पास करून टाकतो. आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, ३ किंवा त्याहून कमी, हे निकष तुलनेला ठेवा. गढूळपणासाठी वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. शाळेतली मुलं हे उत्तम करतात, मोठ्यांपेक्षा प्रामाणिकपणे.

जपानमध्ये बिवा सरोवराचं पाणी १९७७ साली सूक्ष्म शैवालाने लाल झालं. तेव्हा काठच्या गृहिणींनी फॉस्फरसवाली धुण्याची पावडर सोडून साबण वापरण्याची चळवळ केली आणि १९७९ मध्ये तिथल्या प्रांताने तशा पावडरीवर बंदीचा नियम केला. काठाची राखण मोरीपासूनही सुरू होते.

काठाचे तुकडे पाडा

संपूर्ण काठाला एकच उपाय लावायचा ही सुशोभीकरणातली सगळ्यात महाग चूक. रांगोळीच्या नकाशावरून काठाचे आठ-दहा तुकडे पाडा आणि प्रत्येकाचा निर्णय वेगळा घ्या.

जिथे रस्ता थेट पाण्याला टेकलाय तिथे भिंत लागणारच, मासुंद्याला दुसरं काय करणार? पण भिंतीतही अधूनमधून खडबडीत दगडी उतार सोडता येतो. कासव, बेडूक आणि पाण्यात पडलेलं कुत्र्याचं पिल्लू तिथूनच वर येतं. थोडी जागा असेल तर जाळीतले दगड म्हणजे गॅबियन, किंवा सिमेंटचे सांधे न भरता केलेलं दगडी पिचिंग. फटींतून पाणी मुरतं, लव्हाळं उगवतं, मासे अंडी घालतात. आणि जिथे जागा आहे तिथे मातीचा उतार, एकास तीन. दोन मीटर उंचीला सहा मीटर रुंदी लागते, म्हणजे ट्रॅक मागे सरकवावा लागतो. इथेच खरी भांडणं होतात. पाण्याच्या रेषेत पाणकणीस आणि लव्हाळं, वरच्या अंगाला वाळा, कारण त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती धरतात. आणखी वर करंज, उंबर. पाणकणीस फार फोफावतं, वर्षातून एकदा विरळ करायची जबाबदारी कुणाची तेही आराखड्यातच लिहा. जलपर्णी दिसली की त्याच आठवड्यात काढा, पुढच्या आठवड्यात ती दुप्पट असते.

एक काठ अंधारात ठेवा. दिवे नकोत, कारंजं नको, स्पीकर नको. ढोकरी आणि पाणकावळ्यांना रात्री टेकायला जागा लागते. बायका म्हणतील अंधार नको, आणि त्यांचं बरोबर आहे. मग चालण्याच्या वाटेवर खाली वळलेले, गुडघ्याएवढे दिवे आणि पाण्याच्या बाजूला काळोख, अशी तडजोड आमच्याकडे दोन सभांनंतर निघाली. विसर्जनासाठी कृत्रिम हौद ठाण्याला नवे नाहीत, पण हौद तलावाच्या उताराबाहेर हवा, नाहीतर रंग आणि पीओपी पहिल्या पावसात आतच येतात. घाट मोडू नका. घाट आहे म्हणून लोक पाण्याजवळ येतात, आणि पाण्याजवळ येणारी माणसंच तक्रार करतात.

एकमत होत नसेल तर वाद वाढवू नका, तीस मीटरचा तुकडा घ्या आणि एक पावसाळा करून बघा. आमच्या उताराला विरोध करणारे गृहस्थ ऑगस्टमध्ये तिथे खंड्या बघायला नातवाला घेऊन आले.

नवी मुंबईकरांसाठी थोडं वेगळं

खाडीकाठची गणितं गोड्या तलावाला लागू पडत नाहीत. सिडकोने बांधलेले धारण तलाव भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला आहेत. दारं बंद होतात, ओहोटीला पाणी बाहेर जातं. त्यांत गाळ साचला आणि खारफुटी वाढली. आता गाळ काढायचा तर खारफुटीमुळे परवानग्या लागतात, न काढावा तर वस्तीत पाणी शिरतं. "खारफुटी की गाळ" अशा घोषणा देत बसण्यापेक्षा कुठल्या भागात हात लावायचा नाही आणि कुठून गाळ काढायचा, हे नकाशावर लोकांसह ठरवा. नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या जागी काठापेक्षा भरतीचं पाणी आत येण्याची वाट महत्त्वाची. ती बुजली की फ्लेमिंगोंचं खाणं संपलं. तिथे दर अमावस्या-पौर्णिमेला, मोठ्या भरतीच्या वेळी, पाइपाच्या तोंडाचा तारीखवार फोटो घेत राहा. इथे बहुतेक वेळा पाणथळ नियमांऐवजी सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांची, अधिसूचना आणि खारफुटीबाबतचे उच्च न्यायालयाचे आदेश लागू होतात, त्यामुळे तक्रारही वनविभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे करावी लागते.

फाइल आणि त्यानंतर

लोकांचा आराखडा चार पानांत बसवा: नकाशा, तुकड्यांचा तक्ता, सह्या, पाण्याचे आकडे. सत्तर पानी अहवाल कुणी उघडत नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडलं जातं, म्हणून तुमचं पत्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आवक क्रमांकासह पोहोचलेलं हवं. प्रभाग समिती, उद्यान, मलनिस्सारण, प्रदूषण नियंत्रण, प्रत्येकाला वेगळी प्रत द्या, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवणं सुरू होतं. विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या की मुदतीत प्रत्येक घरातून वेगळी हरकत जाऊ द्या आणि सुनावणीला जा. तलावाची देखभाल नागरिकांच्या गटाने करारावर घेतल्याची उदाहरणं आहेत. बंगळुरूत पुट्टेनहळ्ळी तलावासाठी रहिवाशांच्या विश्वस्त संस्थेने २०११ मध्ये तिथल्या महापालिकेशी करार केला. तसा करार मागायचा असेल तर पैसा, वीज आणि सुरक्षारक्षक कुणाचे, हे पहिल्याच पानावर लिहून घ्या.

काम सुरू झालं की कार्यादेशाची प्रत खिशात ठेवा आणि दर शनिवारी तोच कोन धरून फोटो काढा. काँक्रीट पाण्याच्या पट्ट्यात उतरतंय असं दिसलं तर ओतण्याआधी बोला, ओतल्यावर कुणी फोडत नाही. डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची, मुदत कधी संपते ती तारीख फोनमध्ये घाला. कशानेच भागलं नाही तर पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाला हजार रुपये शुल्क, पण वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. तारखा लिहिलेली वही तिथे कामाला येते.

आमची वही चहाच्या टपरीवर असते, साखरेच्या डब्यामागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पट्टीचा आकडा, वेळ आणि सही. परवा टपरीवाल्याच्या मुलीने शेवटच्या रकान्यात लिहिलंय: "कासव दोन, उताराजवळ."